दांड्यावरची पुसलेली खूण

बायको गेली तेव्हा शेटच्या गाडीचा दांडा काढून अंगणात ठेवलेला होता. दांडा म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जोर नेणारी लोखंडी नळी. माझं गॅरेज म्हणजे चिखलीतल्या घराचं अंगण आणि त्यावरचे टिनपत्रे, त्यामुळे घरात जे होतं ते गॅरेजात होतं आणि गॅरेजातलं घरात.

गाडी जुनी अमेरिकन, दोन दारांची, आठ सिलिंडरची. शेटची कापसाची जिनिंग आहे. ही गाडी त्याच्या वडलांची. तिच्या गिअरबॉक्सचे भाग आता कुठं मिळत नाहीत, म्हणून मी दुसऱ्या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स बसवला. त्याच्यासाठी दांडा दोन तुकड्यांचा करावा लागला, मधे दातेरी जोड. दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे दांडा वाकडा होऊनही फिरत राहील असा सांधा. शेटले नव्या मोठ्या रस्त्यानं बायको-पोरीला घेऊन नागपूरला जायचं होतं. तिथं जुन्या गाड्यावाले जमणार होते. जुने क्रॉस खिळखिळे झाले होते. दुकानात दोन जातीचे होते, एक ग्रीस भरायच्या छिद्राचा आणि एक भरीव, बंद. दुकानदार म्हणे भरीव घ्या, जास्त जोर सोसते. मी छिद्राचा घेतला. आपल्याकडची धूळ मला ठाऊक आहे, ग्रीस बदलता आलं पाहिजे. शेट जाणता माणूस, त्यानंही तेच म्हटलं.

ते क्रॉस घालायच्या आधीच ती गेली. दुखणं असं काही नव्हतं. सकाळी चहा ठेवला आणि चुलीपाशी बसली, ती बसलीच. याच्यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

तेरवी झाल्यावर मी दांडा जोडला, गाडीखाली चढवला आणि फेरी मारली. साठच्या पुढं गेलं की गाडी थरथरायला लागली. आरसा हलून मागचं काही दिसेना.

अशा वेळी माझी एक रीत होती. फेरीला बायकोला मागच्या सीटवर बसवायचो. ती चपला काढून पाय मधल्या उंचवट्यावर ठेवायची, ज्याच्याखालून दांडा जातो. यंत्रातलं तिला काही समजत नव्हतं. पण पायाखाली मुंग्या येतात की पाठीमागून ढकललं जातं, एवढं सांगायची. मुंग्या आल्या तर दांडा, पाठीमागून आलं तर मागचं हौसिंग, म्हणजे मागच्या चाकांमधला दातेरी चाकांचा डबा. माझा एक कान गेलेला आहे, मला सगळा आवाज एकाच बाजूनं येतो. आता मागची सीट रिकामी होती, आणि मी अंदाजानं हौसिंग उघडलं.

तिथं शंका यायचं कारणही होतं. शेटले वेग पाहिजे म्हणून मी त्यातल्या दातेरी चाकांची, क्राऊन-पिनियनची, नवी जोडी बसवली होती. तेलात शेंदूर कालवून दातांवर लावला, चाक फिरवलं. डाग दाताच्या बरोबर मधे पडला. म्हणजे बसवणी ठीक होती. तरी मी पुन्हा उघडलं, वॉशर बदलले, पुन्हा बसवलं. थरथर तीच. त्या दिवसांत मी भाकर कुत्र्याला टाकायचो आणि गाडीखाली पडून राहायचो.

शेवटी शेटलेच म्हटलं, "तुम्ही चालवा, मी मागं बसतो."

"तुम्ही मागं? काऊन?" शेट म्हणाला.

"चालवा ना. पंचाईत कायले करता?"

चपला काढून तिच्या जागी बसलो. साठ झाले, सत्तर झाले, आणि तळपायाला मुंग्या आल्या. पाठीला काही नाही. मी शेटला गाडी घरी वळवा म्हटलं.

दांडा खाली उतरवला. जोड उघडायच्या आधी मी दोन्ही तुकड्यांवर चुन्याचा पट्टा मारतो, म्हणजे परत जोडताना दात त्याच जागी बसतो. दाते बारीक, एक दात चुकला तर डोळ्याला पटकन दिसत नाही, पण दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत राहत नाहीत आणि वेगात दांडा थरथरतो. मी पाहिलं तर चुना कुठंच नव्हता. मी जी खूण धरून जोडलं होतं तो जुना ओरखडा होता.

साळी अजून घरीच होती, साखरखेर्ड्याची, बायकोची धाकटी बहीण. तिला विचारलं.

"ते लोखंड? मीच घासलं," ती म्हणाली. "दहाव्याले घर धुतलं, सारवलं. अंगणातलंही सगळं धुतलं. त्याच्यावर पांढरं काहीतरी लागलं होतं, राखेनं निघालं."

"लोखंडाले बी सुतक लागते काय बे?"

"मले बे म्हणू नका, भाऊजी."

"घर धुवायचं सोडून माहं डोकं धुतलं तू. एखादा मेला असता रस्त्यावर."

ती म्हणाली, "तिनं हात लावलेलं सगळं धुवत गेली मी. भांडे, पाट, दोरी, तुमचं लोखंड. थांबली असती तं रडली असती. तुम्ही बसले होते भिंतीले पाठ लावून. तुम्हाले कोणी काही म्हटलं?"

मी दांड्याकडं गेलो.

क्रॉस रेषेत आणले, दात सरकवून जोडलं, फेरी मारली. गाडी लोण्यासारखी गेली. शेट खुश.

"झालं मिस्तरी. रविवारी निघतो."

"नाही देत."

"आता काय राह्यलं?"

"इतक्या फेऱ्या चुकीच्या जोडावर झाल्या. नव्या क्रॉसनं मार खाल्ला असंन. पुढचा क्रॉस तुटला तर दांडा रस्त्यात रुतते आणि गाडी उचलून फेकते. पोरगी आहे ना संगं?"

"चालून तं छान राह्यली."

"चालू द्या. चावी माह्यापाशी आहे."

तो रागावला. माझं डोकं ठिकाणावर नाही, असं त्याला वाटलं असेल. मलाही खात्री नव्हती. भीती खरी दांड्याची होती की आणखी कोणी जाईल याची, हे मला सांगता आलं नसतं. पण चावी दिली नाही. त्याचा रविवार गेला.

नवे क्रॉस आल्यावर जुने त्याच्यासमोर उघडले. आतल्या बेअरिंगच्या सुया जिथं दाबल्या होत्या तिथं लोखंडाला रेघा पडल्या होत्या, नखाला लागतील अशा. शेटनं नख फिरवलं. "मेळावा तं गेलाच," तो म्हणाला. "आता तिथं फक्त चक्कर मारून येतो." या वेळी खूण चुन्याची न करता छिन्नीनं ठोकली.

तो बायको-पोरीला घेऊन गेला. मी दिवसभर काही काम केलं नाही. दुपारी फोन आला, "पोचलो, मिस्तरी."

साळी तेव्हा परत साखरखेर्ड्याला गेली होती. तिला फोन लावला.

"गाडी पोचली," म्हटलं.

"कोणती गाडी?"

"जिचं लोखंड तू धुतलं ते."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "जेवले काय?"

"हाव."

"खोटं नका बोलू, भाऊजी."

मी फोन ठेवला आणि कणीक शोधायला लागलो. कोणत्या डब्यात असते ते मला माहीत नव्हतं.