भिंतींची नावं

मुलीकडे स्कॉटलंडला गेले होते, तेव्हा शेजारच्या मोराग नावाच्या सत्तरीतल्या बाईंनी मला एका डोंगरउतारावर फिरायला नेलं. गुडघ्याएवढ्या दगडी भिंती, त्यांच्यात माजलेलं गवत आणि चरणाऱ्या मेंढ्या, एवढंच तिथे होतं.

"हे आमचं गाव," त्या म्हणाल्या.

जमीनदाराला मेंढ्यांसाठी कुरण हवं होतं, म्हणून मोरागबाईंच्या पणजीच्या लहानपणी सगळ्यांना घराबाहेर काढलं. चर्चच्या जुन्या नकाशात गाव आहे. जमीनदाराच्या नंतरच्या नकाशात त्या जागी नुसतं 'कुरण' लिहिलंय. मोरागबाई मात्र प्रत्येक भिंतीपाशी थांबत होत्या. "हे विणकराचं घर. हे दोघी बहिणींचं. इथे आमची चूल." पणजीनं आजीला सांगितलं, आजीनं यांना.

मग त्यांनी सहज विचारलं, "तुमचं गाव कुठलं?"

"धरणात गेलं. मी चार वर्षांची होते."

"तुमच्या शेताला काय म्हणायचे?"

ते नाव मला माहीत नव्हतं. बाबा शेवटची काही वर्षं माझ्याकडेच होते. संध्याकाळी चहा घेताना सुरू करायचे, "आपल्या ओढ्याच्या अंगाला जे शेत होतं ना..." आणि मी शाळेच्या वह्या तपासत म्हणायचे, "बाबा, नंतर सांगा हं." ते रागावले नाहीत कधी. पुढे पुढे त्यांनी सांगणंच सोडलं.

"वडिलांना माहीत होतं," मी मोरागबाईंना म्हणाले.

धरणानं आमची जमीन नेली, हे खरं. पण नावं तर बाबांनी माझ्या घरापर्यंत आणली होती.