ताईचा हेल

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही फार विश्वासाचे आहात म्हणून नव्हे — तुम्हालाही डार्क कॉमेडी आवडते म्हणून. आवडते ना? सिनेमात तिरडीवरून प्रेत घसरलं की तुम्हीही पोट धरून हसता. पेणमध्ये आमचा एक कंपूच आहे, शेतकऱ्यांच्या घरांतून शिकून मास्तर झालेल्यांचा. असले सिनेमे बघायचे, असल्या कथा वाचायच्या, आणि जो हसणार नाही त्याला गावंढळ ठरवायचं. मरणाला हसायला हिंमत लागते म्हणे. डोंबलाची हिंमत! मरण दुसऱ्याच्या घरचं असलं की कुणीही हसतं.

माझी एकांकिका गाजली ती त्यावरच. आमच्याकडे माणूस गेलं की बाया हेल काढून रडतात — सुरात, मेलेल्याशी बोलत, मनात असेल ते सगळं सांगत. माझ्या नाटकातली बाई नवऱ्याच्या प्रेताला विचारते, बिरड्याला वाल भिजत घातलेत वो, आता सोलू कुनासाठी? हॉल नुसता फुटला. परीक्षक म्हणाले, असा काळा विनोद लिहायला काळीज लागतं.

ती बाई माझी ताई. सख्खी, थोरली. रोह्याजवळच्या गावात दिलेली. भावोजी वडखळला मोटरसायकलवरून पडले आणि जागच्या जागी गेले. वालाचं वाक्य तिचं. शब्दन् शब्द तिचा.

थांबा, लगेच तोंड वाकडं करू नका. लिहिलं हा माझा गुन्हा नाही. लेखक घरातलंच उचलतो, हे मी भाषणांत सांगून टाळ्या घेतल्यात. गुन्हा त्याच्या आधीचा आहे.

त्या दिवशी मी ताईला धरून बसलो होतो. एक हात तिच्या पाठीवर. दुसऱ्या हातात मोबाइल, पालथा, मांडीवर. रेकॉर्डिंग चालू. तिचा हेल ऐकताना मला रडू येत नव्हतं हो — काय बोलते ही, काय भन्नाट बोलते, असं होत होतं. लाज वाटली का? नाही वाटली.

पण एवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो. पुढचं ऐका. ताई दमली. थांबली. कुणीतरी तांब्या दिला, ती दोन घोट पाणी प्यायली, जरा शांत झाली. आणि मला अजून हवं होतं! मी तिच्या कानाशी वाकून विचारलं, “ताई गो, हेल्मेट नव्हतं का घातलं त्यांनी?”

नव्हतं घातलं. मला ठाऊक होतं. हेल्मेट समोर खुंटीवर लटकत होतं, मला दिसत होतं. तिनं तिकडे बघितलं आणि ऊर बडवून पुन्हा सुरू झाली — डोकं रस्त्यावर नि टोपी घरात ठेवलात वो, मी आता ही कुनाला घालू? नाटकात सगळ्यात मोठा हशा त्या वाक्याला आहे.

पेणच्या प्रयोगाला ताई न सांगता आली. भावाचं नाटक बघायला, चांगलं लुगडं नेसून. पुढेच बसली होती. भोवतीची माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होती आणि ती सरळ बसून होती. प्रयोगानंतर आत आली. म्हणाली, “बाई बरी रडली रे.”

“काल्पनिक आहे गो सगळं,” मी म्हणालो. तोंडावर. सख्ख्या बहिणीला.

“व्हय,” म्हणाली. ते हेल्मेटचं वाक्य ती माझ्याच प्रश्नावर बोलली होती, आणि तो प्रश्न आम्हा दोघांखेरीज कुणी ऐकला नव्हता. मग मी तो कशाला विचारला होता, हे तिला कळलं नसेल? काय वाटतं तुम्हाला?

यंदा आई गेली. अंगणात बाया जमल्या. थोरल्या लेकीनं हेल काढल्याशिवाय बाकीच्या सुरू होत नाहीत, म्हणून सगळ्या ताईकडे बघत खोळंबल्या. काकी तिला हलवून सांगत होती, “रड गो बाय, मोकली हो.” ताईनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग पदराचा बोळा तोंडात घातला आणि दात आवळून बसली. डोळे वाहत होते. आवाज नाही.

आईनं काय काय सोसलं, कुणाकुणाला जेवू घातलं, आम्हाला कसं वाढवलं, हे तिच्या लेकीनं त्या अंगणात सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगायचं होतं. ते कुणीच सांगितलं नाही. आम्ही आईला तशीच उचलली.