वाघाच्या बोर्डावरची नाचरी अक्षरं

झरी जामणीकडच्या आमच्या गावात, जंगलाच्या वाटेवर वाघ दिसला आणि गावच्या समितीनं तिथं फ्लेक्स लावला. अंगणवाडीतून घरी येताना मी तो वाचला आणि माझं डोकंच फिरलं. ‘सावधान! वाघाचा वावर आहे’ हे कोणत्या अक्षरांत लिहावं माणसानं? गोल, गुबगुबीत, एक उडी मारलेलं, एक खाली घसरलेलं, वरची रेघ वाकडी. हातानं मजेत काढल्यासारखी आणि वर गुलाबी! अक्षरं वाईट नाहीत हो. माझ्या अंगणवाडीच्या भिंतीवर तीच आहेत. पाणीपुरीच्या गाडीवर शोभतात, बारशाला शोभतात. पण वाघाला?

पूर्वी असं काही झालं की कोतवाल दवंडी द्यायचा. आता फ्लेक्स लटकवायचा, त्याच्यासमोर फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, की झालं यांचं काम!

माझ्या सासूबाई रोज त्याच वाटेनं बकऱ्या नेतात. त्यांना वाचता येत नाही. घरी येताच मी म्हटलं, "आई, उद्यापासून तिकडं जाऊ नका. वाघाचा बोर्ड लागला हाय."

त्या हसायलाच लागल्या. "काहीबी सांगतं वं पोरी! मी आज त्याच्याच सावलीत भाकर खाल्ली. कोनाच्या तरी ढाब्याचा हाय तो. वाघाचा बोर्ड असा नाचून राह्यते का?"

घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. ऐकतील तर शपथ.

दुसऱ्या दिवशी त्यांना कसंबसं घरी थांबवलं आणि तणतणत तालुक्याला फ्लेक्सवाल्याकडे गेले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, सध्या हाच फॉन्ट चालून राह्यला. पब्लिकले आवडते."

"मंग वाघालेही विचारून घ्या, आवडला का!" मी ओरडले. दुकानातली माणसं खो खो हसली. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. येताना काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊनच आले.

उजेड होता तोवर फ्लेक्स उलटा केला आणि मागच्या पांढऱ्या बाजूवर एकच शब्द काढला: वाघ. जाड, उभा, वर सरळ रेघ. रेघ जराही वाकू दिली नाही. समितीवाले काय म्हणायचं ते म्हणोत.

सकाळी सासूबाई माझं न ऐकता बकऱ्या घेऊन निघाल्याच. मी बडबडत मागे. वळणावर त्यांना बोर्ड दिसला आणि त्या जागच्या जागी थांबल्या. असली काळी, ताठ अक्षरं आमच्या गावात फक्त मयतीच्या बोर्डावर असतात. त्यांनी डोक्यावर पदर ओढला.

"अगं बाई! कोन गेलं वं?"

"अजून कोनी नाही गेलं, आई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जंगलाकडे पाहिलं आणि हाक मारून बकऱ्या माघारी वळवल्या.