वहिनींची तार

घड्याळजींचं दुकान बाजारात, पण सगळा जीव घरच्या हॅम रेडिओत. छत्तीस वर्षं दर रविवारी सकाळी आठला ते त्यावरून दूरच्या शहरातल्या एका मास्तरांशी बोलत. दोघे कधी भेटले नव्हते. फोन नंबरही घेतला नव्हता. फोनवर काय, कोणीही बोलतं, असा दोघांचा ताठा.

एका रविवारी मास्तर सहज सांगावं तसं म्हणाले, "पुढच्या सोमवारी माझं स्वरयंत्र काढणार आहेत. तेव्हा येत्या रविवारी शेवटचं बोलून घेऊ."

आणि नेमकं शनिवारी वादळ आलं. अँटेनाच्या तारेचे तुकडे तुकडे झाले.

अँटेना साधीच. मधून खाली रेडिओकडे जाणारी केबल आणि दोन्ही बाजूंना सारख्या लांबीची तार. एकूण वीस मीटर, एकेका बाजूला दहा. हे गणित घड्याळजी झोपेतही सांगतील. पण डोकं ठिकाणावर नव्हतं. वीसचे निम्मे दहा केले, दहालाच एकूण समजले आणि तेवढीच तार घेऊन आले. रविवारी सकाळी गच्चीवर तार ताणली, तर ती खांबांच्या जवळपासही पोचेना. दुकानं बंद. लोकांचे सेकंद दुरुस्त करणारा हा माणूस पाण्याच्या टाकीला टेकून मटकन खाली बसला.

बायको धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन वर आली. ह्या रेडिओपायी तिने आयुष्यभर कटकट केली होती.

"किती कमी पडतेय?"

"दहा मीटर."

तिने बादली खाली ठेवली आणि कपडे वाळत घालायची तार सोडायला घेतली. तांब्याचीच होती, जुन्या अँटेनातून उरलेली. "काल बोलला असतात तर कपडे भिजवलेच नसते," ती म्हणाली.

तिने टोकं धरली, त्यांनी तार घासून पीळ घातला, डाग दिला. आठला पाच कमी असताना अँटेना वर चढली.

मास्तर आले. घोगरे, पण स्पष्ट. हवा, कंबरदुखी, जळालेला फ्यूज, नेहमीचंच बोलणं झालं. घशाचा विषय दोघांनीही काढला नाही. शेवटी घड्याळजींनी तारेची गोष्ट सांगितली. मास्तर खोकला येईपर्यंत हसले. मग घड्याळजींनी हेडफोन काढला आणि ते रडले, बायकोसमोर, न लाजता.

पुढचे तीन रविवार काहीच आलं नाही. चौथ्या रविवारी ठीक आठला मोर्सची टिकटिक सुरू झाली, अगदी सावकाश. घड्याळजींनी एकेक अक्षर कागदावर उतरवलं.

"काय म्हणतायत?" बायकोने दारातून विचारलं.

त्यांनी कागदच तिच्या हातात दिला.

"वहिनी, कपडे कुठे वाळत घालता हल्ली?"