कुंभारणीचं घर

वरवट बकालला घरी आलो, तर कुंभारीण माशीनं कुलपाच्या भोकात माती भरून ठेवलेली. मी काडी घेतली तशी आई म्हणाली, “राहू दे बाप्पा, तिचं घर मोडू नये.” ओल्या मातीचा वास नाकात गेला आणि मला एका जागी बसवेना.

विमान चालवायला शिकत होतो तेव्हाची सकाळ आठवली. उड्डाणाआधी तपासताना पंखाखाली, वेग मोजायच्या नळीवर अशीच कुंभारीण घुटमळताना दिसली. आईनं लावलेल्या सवयीनं मी तिला हाकललं नाही, नळीतही डोकावलो नाही. वर गेल्यावर पाहतो तर वेगाचा काटा शून्यावर. शेजारी बसलेले, विमान शिकवणारे सर खामगावचे. “काट्याकडे काऊन पाहून राह्यला बे? इंजिन ऐक,” म्हणाले आणि नुसत्या आवाजावर त्यांनी विमान उतरवलं.

खाली नळीतून माती निघाली.

“सकाळी पाह्यली होती?”

“हो सर, साफ होती.”

मग नंतर नळी झाकून का ठेवली नाही म्हणून सरांनी मेकॅनिकला सगळ्यांसमोर झापलं. तो मान खाली घालून तारेनं माती कोरत राहिला, आणि मी शेजारी उभा होतो.

मी काडी खाली ठेवली. आई समाधानानं म्हणाली, “तुहा जीव लहानपणापासूनच मऊ.”