बाबांच्या नावाचा जीव

"बाबांचं नाव तू स्वतःच्या हातांनी पुसणार?"

"पुसत नाही रे. खाली घेतेय."

"खाली म्हणजे कुठे?"

"दुसऱ्या नावाच्या खाली. जुनं नाव वर राहील आणि त्याखाली बारीक अक्षरांत बाबांचं. हे आणि ते एकच, एवढंच त्यातून कळतं."

"म्हणजे घर त्याचं आणि बाबा पोटभाडेकरू."

भांडण स्वयंपाकघरात सुरू झालं होतं, चपला घालताना रंगलं होतं आणि आता संग्रहालयाच्या मागच्या दारापर्यंत येऊन पोचलं होतं. तरी आवाज कुणाचाच चढला नव्हता. घरात आई असल्यामुळे या बहीण-भावाला कुजबुजत भांडायची सवय लागली होती आणि ती रस्त्यावरही सुटत नव्हती. धाकट्याने आज दुकान उघडलंच नव्हतं. तो घड्याळं दुरुस्त करायचा. गिऱ्हाईक ताटकळलेलं त्याला खपायचं नाही, त्यामुळे त्याने कुलूप लावलं म्हणजे गोष्ट त्याच्या जिवाला लागली होती, हे ताई ओळखून होती.

ताईला संग्रहालयात सगळे बाटलीबाई म्हणत. तिची खोली काचेच्या बरण्यांनी छतापर्यंत भरलेली, आणि प्रत्येक बरणीत स्पिरिटमध्ये बुडवलेलं समुद्रातलं काहीतरी. अंगाला तो वास कायमचा चिकटलेला. आपण दुसऱ्यांना नावं ठेवायचा पगार घेतो, असं ती स्वतःच सांगायची. तिचे लाडके प्राणी म्हणजे हायड्रॉइड. लांबून पाहिलं तर शेवाळाचा झुबका, पण जवळून पाहिलं तर फांदीफांदीवर काचेसारखे इवले पेले आणि प्रत्येक पेल्यात हात पसरून बसलेला एक जीव. पोट मात्र सगळ्यांचं जोडलेलं, एकाने खाल्लं की साऱ्यांना पोचतं. झाडाचं सोंग घेतलेलं गाव, असं ती म्हणायची आणि हे म्हणताना दर वेळी तिचे डोळे लहान मुलीसारखे व्हायचे.

हा नाद बाबांनी लावला. ते बंदरात बोया खरवडायचे. पाण्यात तरंगणाऱ्या त्या लोखंडी पिंपांवर आणि त्यांच्या साखळ्यांवर जे जे उगवतं ते ते काढून टाकायचं, हे त्यांचं काम. एकदा त्यांनी जेवणाच्या रिकाम्या डब्यात समुद्राचं पाणी भरून त्यात एक तपकिरी झुबका आणला. दुसरीतिसरीतल्या ताईला म्हणाले, "हे झाड बघ, हलतंय." ताईने डब्यात बोट घातलं आणि ते झाड झटकन मिटलं. त्या मिटण्यामागे ती पुढे शाळा, कॉलेज, नोकरी असं सगळं ओलांडत गेली. नोकरी लागल्यावर तिने बाबांच्याच एका बोयावरचा झुबका अभ्यासला. त्याची पिल्लं ज्यात वाढतात त्या कुपीला पीळ होता, मळसूत्रासारखा. असा पीळ कुठल्याच पुस्तकात नव्हता. मग तिने त्या जिवाला बाबांचं नाव दिलं. बाबा तोवर गेले होते. आई मात्र आल्यागेल्याला हटकून सांगायची, "आमच्या ह्यांच्या नावाचा जीव आहे समुद्रात." अलीकडे आईला बरंच काही आठवेनासं झालं होतं, पण हे वाक्य शाबूत होतं.

आणि नेमकं त्याच वाक्याखालचं पाणी आता सरकलं होतं.

त्याचं असं झालं. जिवाचं नाव हवेत राहत नाही. पहिल्यांदा नाव देणाऱ्याने जो झुबका हातात धरला त्यालाच ते बांधलेलं असतं, गाय दाव्याला बांधावी तसं. त्याला मूळ नमुना म्हणतात. शंका आली की लिहिलेल्या वर्णनावर भागत नाही, त्या नमुन्यापर्यंत जावं लागतं. आणि एकाच जिवाला दोन नावं पडली असतील तर आधीचं टिकतं. ताईने आपल्या जिवाचं नाव ठेवण्याआधी डोळ्यांत तेल घालून सगळे जुने नमुने तपासले होते. एकच सापडला नव्हता. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कुणा जहाजावरच्या डॉक्टरने चार ओळींत उरकलेला एक जीव. त्या ओळी कुठल्याही हायड्रॉइडला लागू पडाव्यात अशा. ताईने बरणी अन् बरणी पाहिली आणि शेवटी "नमुना हरवला" असं छापून मोकळी झाली.

तो हरवला नव्हता. त्या काळी समुद्रातलं जे जे झाडासारखं दिसेल ते कागदावर दाबून वाळवायची रीत होती, मग ते झाड असो वा प्राणी. पुढे कुणीतरी तो कागद शेवाळांच्या कपाटात ठेवून दिला. प्राणीवाले बरण्या शोधत राहिले, कागद भिंतीपलीकडच्या खोलीत राहिला. काखेत कळसा म्हणतात तो हा. परवा त्या खोलीतल्या शेवाळवालीने कपाट आवरताना कागद उचलला आणि ताईच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "बाई, तुझं लेकरू माझ्या घरात वाढतंय."

ताईने परवानगी काढून त्या झुबक्याचा नखाएवढा तुकडा घेतला आणि फुगवायच्या द्रवात ठेवला. इतकी वर्षं चपटा झालेला तो जीव थेंबाथेंबाने अंग धरू लागला. आधी देठ गोल झाले. मग पेले उघडले. मग एका फांदीच्या बगलेत कुपी वर आली, आणि कुपीला पीळ होता. ताईला पहिल्यांदा आनंदच झाला, निखळ, पोटातून. तो पीळ कुणाचा हे लक्षात यायला एक श्वास जावा लागला.

"जगात तुझा हा नवा लेख वाचणारी माणसं किती?" खोलीत शिरता शिरता धाकट्याने विचारलं.

"एका टेबलाभोवती मावतील."

"त्यांच्यासाठी आईचं तेवढं एक वाक्य काढून घेणार? कागद परत कपाटात ठेव. इतकी वर्षं कुणाचं काय अडलं?"

ताईने त्याला टेबलाकडे नेलं. तिने शेजारी शेजारी दोन सूक्ष्मदर्शकं मांडून ठेवली होती. दोन काचा, दोन तुकडे, दोन्हींना सारखाच गुलाबी रंग चढवलेला. ती म्हणाली, तू माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. सुईच्या टोकाएवढं चाक झिजलंय की नाही हे तू नजरेने सांगतोस. बैस आणि फरक शोध. एक जरी सापडला तरी बाबांचं नाव आहे तिथे राहील, मी माझं लिहिलेलं फाडून टाकीन.

"दगाफटका नाही ना?"

"बैस."

तो बसला तो वकिलासारखा, साक्षीदार फोडायच्या तयारीने. डाव्या काचेत पाहिलं, उजव्या काचेत पाहिलं. एक पेला वाकडा आहे म्हणाला. ताईने त्याला उजवीकडचा वाकडा पेला दाखवला. इथे काठ दातेरी आहे, म्हणाला. तिने सांगितलं, तिकडचे दात मोज. तो मोजत राहिला. हळूहळू त्याच्या हरकती संपल्या. ताई टेबलाच्या कडेला उभी राहून त्याची पाठ बघत होती. रागाने ताठ झालेली ती पाठ आता सैलावत होती, दुकानात एखादं अवघड घड्याळ उघडल्यावर व्हायची तशी.

"ताई," तो डोळा न काढता म्हणाला, "हे सगळं कुणी कातलंय?"

"कुणी नाही. एकातून दुसरा फुटतो."

"प्रत्येक पेल्याच्या तळाशी एक कडं आहे. अगदी मधोमध. आमच्याकडे यंत्रावर असं बसवताना दहातली दोन वाया जातात." तो पुढच्या पेल्यावर सरकला. "आणि हे बाबा खरवडून टाकायचे."

"रोज. पोतीच्या पोती."

त्याने मान हलवली. मग पुन्हा डावीकडे वळला, पुन्हा उजवीकडे. भिंग फिरवायला त्याला आता कुणी शिकवावं लागत नव्हतं. कुपीवर आला, पीळ वरून खाली उतरत गेला तसा तोही उतरत गेला, तळाला पोचला आणि दुसऱ्या काचेत जाऊन त्याच वाटेने पुन्हा उतरला. एक जहाजावरच्या माणसाने कागदावर दाबलेला, एक बाबांच्या बोयावरून आलेला. मधे एवढी वर्षं, एवढा समुद्र, आणि पिळाचा एक वळसाही चुकलेला नव्हता. खाली शाळेच्या सहलीची मुलं गलका करत गेली तरी त्याने डोकं वर केलं नाही.

शेवटी तो मागे टेकला. डोळे लाल झाले होते, बघून बघून असतील. भांडणाचं त्याच्या तोंडावर काही उरलं नव्हतं. त्याने दोन्ही यंत्रांकडे असं पाहिलं, जणू आत्ताच कुणीतरी ती तिथे आणून ठेवली होती.

"आईला काय सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू," ताई म्हणाली. "पण आधी मला सांग. यातलं बाबांचं कोणतं?"

धाकटा पुन्हा वाकला. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. परत डावीकडे. ओळखू येईना. मग त्याने दोन्ही यंत्रांचे दिवे आपल्या हाताने, जपून, बंद केले, खुर्ची आत सरकवली आणि खिशातली दुकानाची किल्ली चाचपत दार उघडून निघून गेला.