एक्केचाळीस आदिल

साबिरा मुकादम पनवेलच्या आसपासच्या शाळांमधून स्कूटीवर फिरायला लागली त्याला आता अठरा वर्षं झाली. ज्या मुलांना अक्षरं लागत नाहीत, ज्यांचे आकडे उलटे पडतात, ज्यांच्याबद्दल शिक्षक-खोलीत ‘त्याच्या डोक्यात काही शिरतच नाही’ असं म्हटलं जातं, अशा मुलांजवळ ती जाऊन बसते. हे मूल नेमकं कुठं अडतंय आणि कशानं पुढं सरकतंय ते बघते. मग शाळेसाठी त्या एका मुलाचा वर्षभराचा आराखडा लिहून देते. कुठल्या बाकावर बसवायचं, काय आधी शिकवायचं, काय अजिबात करायचं नाही, असं सगळं त्यात असतं.

या कामात ती आली तिच्या धाकट्या भावामुळं. अली पाचवीत तीनदा नापास झाला. मास्तर मारायचे, अब्बा मारायचे, आणि साबिरा त्याला पाढे म्हणून दाखवायची, त्यातले निम्मे तो सकाळपर्यंत विसरलेला असायचा. शेवटी मामानं त्याला आपल्या दुकानात बसवलं आणि पुढं तो कतारला गेला. पन्नाशीकडं झुकला तरी मोबाइलवर एक ओळ लिहीत नाही, बोलूनच निरोप पाठवतो. अलीजवळ तेव्हा कुणीतरी बसायला हवं होतं, एवढी एकच गोष्ट धरून साबिरानं डी.एड. झाल्यावर विशेष शिक्षिकेचा कोर्स केला आणि एका संस्थेत नोकरी धरली. ही संस्था शाळांना अशा शिक्षिका पुरवते.

तिचं नाव झालं ते आदिलच्या आराखड्यामुळं. आदिल खांदा कॉलनीत राहणारा, तिसरीतला. वर्गात तोंड उघडायचा नाही. साबिरा अकरा दिवस त्याच्याजवळ बसली. बाराव्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेरून एक ट्रेलर गेला आणि आदिलनं त्याच्यावरच्या कंटेनरचा नंबर एका दमात म्हणून दाखवला. चार अक्षरं, सात आकडे, एकही चूक नाही. त्याचे वडील न्हावा शेव्याला ट्रेलर चालवत आणि रविवारी त्याला शेजारी बसवून नेत. साबिरानं सगळा आराखडा त्यावरच उभा केला. अक्षरओळख कंटेनरच्या चित्रांवरून करावी. रविवारी तो वडिलांबरोबर ट्रेलरवर जातो, सोमवारी पेंगतो, म्हणून वाचन मंगळवारी घ्यावं. तो डावखुरा आहे, घरी हात बदलायचा प्रयत्न झाला आहे, तेव्हा शाळेत कटाक्षानं डाव्या हातानंच लिहू द्यावं. ‘ढ’ म्हटलं की बाकाखाली जाऊन बसतो, तो शब्द वर्गात नको.

आदिल वर्षभरात वाचायला लागला. संस्थेच्या प्रशिक्षणात तो आराखडा सगळ्यांसमोर वाचला गेला, साबिराला शाल-श्रीफळ मिळालं. बायका भोवती जमल्या, मॅडम आम्हाला पाठवा ना म्हणाल्या. तिनं तिथंच उभ्याउभ्या फाइल ग्रुपवर टाकली. दोन महिन्यांनी तिला पर्यवेक्षक केलं. म्हणजे स्वतःच्या शाळा थोड्या कमी झाल्या आणि इतर शिक्षिकांचे आराखडे तपासून सही करणं वाढलं.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ती एका कातकरी वाडीवरच्या शाळेत भेटीला गेली. डोंगराच्या पायथ्याशी, दोन खोल्यांची शाळा. तिथले अवधूत गुरुजी तिशीतले, सरळ माणूस. तिला बघून त्यांचा चेहरा खुलला. आपण तिच्या संस्थेनं दिलेल्या आराखड्यातली एकही ओळ सोडलेली नाही, असं ते कौतुकाच्या अपेक्षेनं सांगू लागले. वर्गाच्या मागच्या भिंतीवर त्यांनी स्वतः रंग आणून कंटेनर काढले होते. लाल, निळा, हिरवा, आणि प्रत्येकावर एकेक अक्षर. साबिराला आधी गंमत वाटली. आदिलची कल्पना इथंवर पोचली म्हणायची. मग तिच्या मनात आलं, या वाडीवरच्या पोरांनी कंटेनर कुठं बघितला असेल?

ज्या मुलीसाठी हे सगळं चाललं होतं ती दिपा खिडकीजवळ बसून लिहीत होती. चौथीतली, अंगानं लहानखुरी. जीभ दातांत धरून तिनं पेन्सिल इतकी दाबली होती की कागद दोन ठिकाणी फाटला होता. अक्षरं एकमेकांवर चढली होती. पेन्सिल डाव्या हातात होती.

अठरा वर्षांत साबिरानं पुष्कळ डावखुरी मुलं पाहिली होती. त्यांचा हात असा चालत नाही. तिनं टेबलावरचा डस्टर उचलला आणि दिपाकडं हलकेच टाकला. दिपानं तो झेलला. उजव्या हातानं.

साबिरानं आणखी एकदा टाकला. पुन्हा उजवाच हात पुढं आला.

ती तिच्यासमोर खाली बसली. “दिपा, तू जेवतेस कुठल्या हातानं?”

दिपानं गुरुजींकडं पाहिलं, मग आपल्या दोन्ही हातांकडं. उजवा हात थोडा वर केला. “घरी या हातानं.” मग डावा. “शाळंत या.”

“मॅडम, ते आराखड्यात आहेच की,” अवधूत गुरुजी म्हणाले. “घरचे हात बदलतात म्हणून. मी तिला सारखं आठवण करून देतो.” आणि त्यांनी कपाटातून फाइल काढून दिली.

साबिरानं ती उघडली. वर दिपाचं पूर्ण नाव, इयत्ता, वाडीचं नाव. खाली पहिलीच ओळ होती: ‘दिपा रविवारी वडिलांबरोबर ट्रेलरवर जातो.’

तिला वाटलं आपण चुकीचं वाचतोय. तिनं पुन्हा वाचलं. जातो. पुढची ओळ तिला न वाचताही ठाऊक होती, त्याच्या पुढचीही. सोमवारी पेंगतो. डावखुरा आहे. बाकाखाली जाऊन बसतो. खांदा कॉलनीत अकरा दिवस बसून लिहिलेला एकेक शब्द होता, स्वल्पविरामसुद्धा तिचेच. फक्त आदिलच्या जागी दिपा केलं होतं. पानाच्या तळाशी ‘तपासले’ असा शिक्का होता आणि त्यावर निळ्या शाईत सही होती, साबिरा मुकादम.

गुरुजी काहीतरी विचारत होते, ते तिला ऐकू येत होतं पण कळत नव्हतं. तिच्या लक्षात आलं की आपण अंगठ्यानं ती सही झाकून धरली आहे. तिनं अंगठा काढला आणि फाइल गुरुजींपुढं धरली.

“ही मुलगी डावखुरी नाही,” ती म्हणाली. “हा आराखडा तिचा नाही. आणि खाली सही माझी आहे.”

अवधूत गुरुजींनी ओळीवर बोट ठेवून वाचलं, मग परत पहिल्यापासून. आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत, आणि या जूनपासून त्या दिवसापर्यंत, या मुलीनं उजव्या हातात पेन्सिल घेतली की ते प्रेमानं ती काढून डाव्या हातात देत होते. ‘जातो’ त्यांनाही खटकलं होतं, टायपिंगची चूक असेल म्हणून सोडून दिलं. ट्रेलरचं दिपाला विचारावं असं एकदा मनात आलं होतं, पण एवढा शिक्क्याचा कागद खोटा असेल असं वाटलंच नाही. ते हळूहळू मुलांच्या बाकावर बसले. गुडघे मावत नव्हते तरी तसेच बसून राहिले.

दिपानं एव्हाना पेन्सिल खाली ठेवली होती. आपलं काय चुकलं ते तिला समजत नव्हतं.

साबिरा तडक पनवेलला आली. ऑफिसात अंकिता एकटीच होती. पंचविशीतली, दोन वर्षांपूर्वी लागलेली, वाडीकडच्या आणि कळंबोलीकडच्या शाळा तिच्याकडं. साबिरानं सरळ कपाट उघडलं आणि तपासलेल्या फाइली एकेक काढून टेबलावर ठेवत गेली. कळंबोलीकडच्या एका मुलाचे वडील तो दोन वर्षांचा असतानाच वारले होते. ते पहिल्या पानावर लिहिलं होतं, आणि दुसऱ्या पानावर तो दर रविवारी वडिलांबरोबर ट्रेलरवर जात होता. रोडपालीची एक मुलगी कानांनी अधू होती. ‘ढ’ ऐकलं की ती बाकाखाली बसते असं तिच्या आराखड्यात होतं. संध्याकाळपर्यंत तशा एक्केचाळीस फाइली निघाल्या. सगळ्यांवर निळी सही होती.

साबिराला त्या सह्यांचा दिवस आठवला. आदल्या वर्षीच्या जुलैचा शेवट होता, संस्थेची तपासणी दोन दिवसांवर आली होती. गठ्ठा तिच्यासमोर आणून ठेवला होता आणि ती फोनवर बोलत बोलत शेवटचं पान उलटून सह्या करत गेली होती.

अंकितानं काही लपवलं नाही. तिच्याकडं एकोणीस शाळा आणि एक्केचाळीस मुलं होती. संस्थेचे व्यवस्थापक धर्मराज सर यांनी आदिलचा आराखडा नमुना म्हणून देऊन आठवडाभरात सगळ्यांचे आराखडे मागितले होते.

“मी चार खरे लिहिले होते मॅडम,” ती म्हणाली. “त्यातला एक दिपाचा होता. सरांनी परत पाठवले, नमुन्यासारखे नाहीत म्हणून. मग मी नमुनाच भरला. तुम्ही सही केलीत तेव्हा मला वाटलं, तुम्हाला चालतं.”

 पोरीला चार शब्द सुनवायचे म्हणून साबिरा वाटेत मनातल्या मनात जुळवाजुळव करत आली होती. तिनं फक्त दिपाचा तो परत आलेला कागद मागितला. अंकितानं तो जपून ठेवला होता. अर्ध्या पानाचा. ‘दिपा दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर जाते, मेमध्ये परत येते. त्या काळात शाळा नाही. आधी हे बघावे लागेल.’

धर्मराज सरांनी दुसऱ्या दिवशी तिला समजावलं. कुठल्याही पालकाची तक्रार नाही, तपासणीत शेरा चांगला आहे, हळूहळू दुरुस्त करू, आता बोभाटा केला तर संस्थेचं काम बंद पडेल आणि नुकसान मुलांचंच होईल. ते चिडले नाहीत, चहा मागवला. साबिरानं चहा घेतला आणि विश्वस्तांना पत्र लिहिलं. चूक कुणाकुणाची ते लिहिताना त्यात पहिलं नाव स्वतःचं घातलं. नवरा अझहर कुवेतहून फोनवर म्हणाला की निदान स्वतःचं नाव शेवटी तरी घालायचं. तिनं त्याला सांगितलं, सही सगळ्यांत खाली होती, आता नाव वर राहू दे.

पत्राचं फार काही झालं नाही. साबिराचं पर्यवेक्षकपद काढलं, तिला पुन्हा शाळांवर पाठवलं. धर्मराज सर आहेत तिथंच आहेत. एक्केचाळीस मुलांचे आराखडे नव्यानं करायचे एवढं मात्र मान्य झालं, आणि ते साबिरा आणि अंकितानं करावेत असं ठरलं.

पण त्याआधी ती वाडीवर दिपाच्या घरी गेली. दिपाचे वडील शुक्रा आणि आजी चिंधी ओट्यावर होते. साबिरानं आडवळण न घेता सगळं सांगितलं. कागद दुसऱ्या मुलाचा होता, मी न वाचता सही केली, तुमच्या मुलीला त्यामुळं वर्षभर चुकीच्या हातानं लिहावं लागलं. 

“पोरगी घरी पन डाव्या हातानं जेवाया बसली व्हती,” शुक्रा म्हणाला. “म्हातारीनं हातावर मारलं तिच्या. लयदा मारलं. मंग पोरीनं सांगितलं, गुरुजी बोलतात. आमी म्हटलं, गुरुजींना कळतंय. आमाला काय कळतंय.”

चिंधी आजी आत निघून गेली. साबिराला वाटलं, शुक्रा आता ओरडेल, जा म्हणेल. त्याचीच ती वाट बघत होती. त्यानं तिला पाणी आणून दिलं. 

दिपाजवळ ती नऊ दिवस बसली. उजव्या हातात पेन्सिल दिल्यावर दिपा पहिले दोन दिवस गुरुजींकडं बघून हात मागं घ्यायची. अवधूत गुरुजी तेवढ्यापुरते वर्गाबाहेर जाऊन उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी तिनं एक पान लिहिलं. अक्षरं आता एकमेकांवर चढत नव्हती, पण शब्दातलं मधलं अक्षर गळत होतं. ‘बदक’चं ‘बक’ व्हायचं. म्हणजे अडचण होती, ती कुणी शोधलीच नव्हती. भट्टीवरच्या सहा महिन्यांनी ती दर वर्षी वाढत होती.

नवा आराखडा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात शाळेत बसून झाला. साबिरानं या वेळी शुक्राला बोलावलं आणि सही घेण्याआधी प्रत्येक ओळ त्याला मोठ्यानं वाचून दाखवली. भट्टीच्या ओळीशी त्यानं तिला थांबवलं.

“यो चुकीचा हाय. औंदा आमी खालापूरला नाय जात. कर्जतच्या पल्याड जातोय.”

साबिरानं ती ओळ खोडली आणि तो सांगेल तसं गावाचं नाव लिहिलं. अंकितानं तिथल्या शाळेचा नंबर शोधला. मुख्याध्यापक पहिल्यांदा हो म्हणाले नाहीत, तिसऱ्या फोनला म्हणाले. डिसेंबरपासून दिपा भट्टीवरून तिथं जाते, जमेल तसं, आठवड्यातून तीन-चार दिवस.

एक्केचाळिसांपैकी बत्तीस जणांचे आराखडे मार्चपर्यंत पुरे झाले. नऊ मुलं सापडली नाहीत. त्यांची घरं हलली होती, कुणाचं काम संपलं, कुणाची खोली सुटली. कळंबोलीचा तो मुलगा त्यांतलाच एक. साबिरा अजून त्या बाजूला गेली की त्याच्या जुन्या शाळेत चौकशी करते.